एक ग्रॅम रसायनासाठी संशोधन अडू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत, याविषयी आपल्या दैनिकात वरचेवर छापून येते. पॅरासिटामॉलसाठी लागणारे पॅरा-अमिनोफिनॉल, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनसाठी लागणारे डायसायनडायमाइड, ॲमॉक्सिसिलिनच्या मुळाशी असलेले पेनिसिलिन-जी ही नावे आता सर्वसामान्य वाचकाच्याही कानावरून गेली आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा ४१ उत्पादनांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. पण ही सगळी चर्चा टनांची आहे. उद्याचे औषध शोधू पाहणाऱ्या मुलामुलींना टनांनी माल नको असतो. त्यांना एक ग्रॅम हवा असतो, फार तर पाच. त्या एका ग्रॅमपायी त्यांचे किती महिने जातात हे मी जवळून पाहते, आणि त्याबद्दल कुठे अवाक्षरही येत नाही, म्हणून हे पत्र.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात स्टोअर सांभाळते. एम.एस्सी. ऑरगॅनिक झाल्यावर काही वर्षे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीच्या आर अँड डीमध्ये काढली, मग इथे आले. इंडेंट म्हणजे मागणीपत्र घ्यायचे, कोटेशन मागवायची, आलेली बाटली रजिस्टरला चढवायची, तिला तिच्या जागी ठेवायची, असे माझे काम. काचेमागे बसून कोणाचे संशोधन कशामुळे अडले आहे हे जितके कळते, तितके ते प्रबंध वाचून कळत नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. औषधाचा रेणू कोणी एका दमात बनवत नाही. लहान लहान तयार तुकडे घ्यायचे आणि एकाला एक जोडत जायचे. या तुकड्यांना प्रयोगशाळेत सगळे बिल्डिंग ब्लॉकच म्हणतात. रेल्वेच्या डब्याला जशी कपलिंग असते, तशा या प्रत्येक तुकड्याला जोडणीच्या एक-दोन जागा असतात. कुठे अमाइन, कुठे ॲसिड, कुठे ब्रोमीन, तर कुठे बोरॉनिक ॲसिड. अमाइन आणि ॲसिड जुळले की अमाइड बंध होतो. ब्रोमीनवाला आणि बोरॉनवाला तुकडा पॅलॅडियम या धातूच्या मदतीने एकत्र आणले की कार्बनला कार्बन जोडला जातो. ही दुसरी रिॲक्शन जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी १९७९ मध्ये जगापुढे ठेवली. सुझुकींनी तिचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने वापरावी, अशी ती खुली राहिली. २०१० मध्ये रिचर्ड हेक आणि एइ-इची नेगिशी यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे रक्तदाबासाठी घरोघरी चालणारी लोसार्टानची गोळी घ्या. तिच्यातली बेंझिनची दोन कडी जोडायला हीच रिॲक्शन वापरली गेली आहे. औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळांत आजही सर्वांत जास्त केल्या जाणाऱ्या रिॲक्शनमध्ये अमाइड आणि सुझुकी या दोन्ही आहेत.

तुकडा बदलला की काय होते, याचे माझ्या मनात कायम ठसलेले उदाहरण इमॅटिनिबचे आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावरचे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरचे हे औषध. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मंजुरी मिळाली. भारतात ते गाजले ते ग्लिव्हेक या नावाने, पेटंटच्या खटल्यामुळे; १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल अनेकांना आठवत असेल. पण त्या रेणूची जडणघडण फारशी कोणी सांगत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञांनी सुरुवात केली ती फिनाइल-अमिनोपिरिमिडीन या साध्या सांगाड्यापासून. त्याला पिरिडीनचे कडे जोडल्यावर पेशींमधला परिणाम वाढला. अमाइडची जोड दिल्यावर नेमक्या एन्झाइमवरचा मारा वाढला. मग मधल्या बेंझिनच्या कड्यावर फक्त एक मिथाइल गट बसवला, आणि नको असलेल्या दुसऱ्या एन्झाइमवरचा परिणाम निघून गेला. एवढे होऊनही तो रेणू पाण्यात विरघळेना, पोटातून रक्तात नीट जाईना. शेवटी टोकाला एन-मिथाइलपिपरॅझिन लावले आणि तो तोंडाने घेण्याजोगा झाला. पिपरॅझिन म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने जंतांच्या औषधात घेतलेलेच रसायन. सर्दीच्या सेटिरिझिनमध्ये ते आहे, सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्येही आहे.

प्रत्येक पायरीला त्या लोकांनी किती वेगवेगळे तुकडे लावून पाहिले असतील याचा विचार करा. मिथाइल इथे बसवून बघू, तिथे बसवून बघू, पिपरॅझिनऐवजी मॉर्फोलिन लावून बघू. असे 'बघू' म्हणता येण्यासाठी मिथाइलवाला तुकडा कपाटात असावा लागतो, मॉर्फोलिन कपाटात असावे लागते. रसायनतज्ज्ञ कितीही हुशार असो, हाताशी नसलेला तुकडा तो जोडू शकत नाही.

आमच्याकडे हे कसे घडते ते सांगते. आमची एक विद्यार्थिनी क्षयरोगावर चालतील अशा रेणूंवर काम करते. तिने मार्गदर्शकांबरोबर बसून एक मालिका आखली. तिला हवे होते फ्लोरिन असलेले पिरिडीनचे बोरॉनिक ॲसिड. इंडेंट आले. नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवली. एका विक्रेत्याने उत्तरच दिले नाही, दुसऱ्याने किमान पाच ग्रॅम घ्या म्हटले, तिसऱ्याने एक ग्रॅम देतो म्हटले पण खाली लिहिले 'आठ ते दहा आठवडे, आगाऊ रक्कम'. विद्यापीठ आगाऊ रक्कम देत नाही. मग पत्रापत्री. तेवढ्यात मार्च आला, अनुदानाचे वर्ष संपले, शिल्लक परत गेली, नव्या वर्षात फाइल पुन्हा पहिल्यापासून. बाटली आली तेव्हा पाऊस लागला होता. अंगठ्याएवढी तपकिरी बाटली, तोंडाला पॅराफिल्म, तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. त्यातलीही थोडी झाकणाला चिकटलेली. त्या पोरीने ती वजनकाट्यावर उघडताना पंखा बंद केला होता आणि श्वास रोखून धरला होता. मी दारातून पाहत होते.

त्यातही बोरॉनिक ॲसिडचा स्वभाव अवघड. ती आपसात पाणी टाकून तीन-तीनच्या कड्यात बांधली जातात. त्यामुळे लेबलवर ९७ टक्के लिहिलेले असले, तरी बाटलीत मूळ ॲसिड किती आणि हे कडे किती याचा नेम नसतो. काही पिरिडीन बोरॉनिक ॲसिडे, विशेषतः बोरॉन नायट्रोजनच्या अगदी शेजारी असेल ती, रिॲक्शन चालू असतानाच बोरॉन टाकून देतात आणि हाती साधे पिरिडीन उरते. आमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या रिॲक्शनच्या टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर, यूव्ही दिव्याखाली एकाऐवजी तीन ठिपके दिसले, म्हणजे हाती मिश्रण आले होते. जिथे एका ग्रॅमसाठी अर्धे वर्ष जाते, तिथे दुसऱ्यांदा करून पाहण्याची हिंमत कोण करणार? परदेशातल्या प्रयोगशाळेत हेच रसायन दोन-तीन दिवसांत टेबलावर येते. त्यांच्या मुलाने चुकीचा तुकडा निवडला तर त्याचा आठवडा जातो. आमच्या मुलीचे वर्ष जाते. बार्टी, सारथी, महाज्योती किंवा सीएसआयआरच्या फेलोशिपची मुदत कोणासाठी थांबत नाही.

याचा परिणाम असा होतो, आणि मला सर्वांत जास्त खुपते ते हेच, की मुले हळूहळू कपाट बघून रेणू आखायला लागतात. क्लोरोबेंझाल्डिहाइड आहे ना, मग तेच घेऊ. ॲनिसाल्डिहाइड आहे, तेही घेऊ. नायट्रो आहे, घेऊ. म्हणून आपल्या विद्यापीठांच्या प्रबंधांत त्याच त्या सात-आठ बाजूच्या गटांचे तक्ते दिसतात. लोक म्हणतात यांना कल्पनाशक्ती नाही. मी त्या मुलांच्या वहीतली पहिली पाने पाहिली आहेत. कल्पना त्यांच्याकडे भरपूर आहेत. त्या कोटेशनपाशी येऊन थांबतात.

जगात हे काम कुठल्या पातळीवर चालते याचे एक उदाहरण देते. युक्रेनची राजधानी कीव्ह इथे १९९१ पासून एनामाइन नावाची कंपनी बिल्डिंग ब्लॉक बनवते आणि साठवून ठेवते. त्यांच्या साठ्यातले तुकडे आणि खात्रीच्या रिॲक्शन यांची सांगड घालून, मागितले तर बनवून देता येतील अशा अब्जावधी रेणूंची यादी त्यांनी संगणकावर मांडली आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या विषाणूच्या मुख्य प्रोटिएझवर (प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमवर) औषध शोधण्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी 'कोविड मूनशॉट' हा खुला उपक्रम सुरू केला. कोणीही रेणूची कल्पना पाठवावी, जी निवडली जाईल ती बनवून तपासली जाईल. त्यात दोन हजारांहून जास्त रेणू प्रत्यक्ष बनले आणि त्यातले बहुतेक कीव्हमध्ये बनले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना काम थांबवावे लागले, आणि जगातल्या कितीतरी औषध-प्रयोगशाळांचे घोडे एकदम अडले. काही आठवड्यांत त्या लोकांनी काम पुन्हा सुरू केले, ही त्यांच्या जिद्दीची गोष्ट. पण एका शहरावर संकट आले तर इतक्या ठिकाणचे संशोधन खोळंबते, हे तेव्हा सगळ्यांना दिसले.

आता आपल्याकडे बघू. तारापूर, अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ. रसायनांच्या बाबतीत देशात फार थोड्या राज्यांकडे एवढा पसारा असेल. सोलापूरजवळ तामलवाडीला मिथाइलअमाइन्स बनतात. मेटफॉर्मिनचा एक अर्धा तुकडा डायमिथाइलअमाइनपासूनच येतो. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये सरकारी क्षेत्रात नायट्रोबेंझिन, ॲनिलिन बनत असे. सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला तो कारखाना २०१७ मध्ये बंद करायचे ठरले, याची हळहळ या धंद्यातल्या जुन्या लोकांना अजून आहे. माटुंग्याला १९३३ पासून रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल आहे. माल बनवणारे आहेत, जाणकार आहेत, गरजू तर गल्लोगल्ली आहेत. तरीही दीडशे किलोमीटरवरच्या कारखान्यात ड्रमने असलेल्या अमाइनचे दहा ग्रॅम आमच्या मुलांपर्यंत पोचत नाहीत आणि तेच अमाइन आम्ही परदेशी लेबलच्या बाटलीतून मागवतो. कारखान्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दहा ग्रॅमचे बिल फाडायला त्यांना जेवढा खर्च येतो तेवढी त्या मालाची किंमतही नसते.

दुसरी बाजू मी अंबरनाथला पाहिली आहे. तिथे एखादे काम संपले की शेल्फवर शे-दोनशे ग्रॅम इंटरमीजिएट, म्हणजे औषधाच्या वाटेवरचा मधला पदार्थ, उरायचे. उत्तम शुद्ध, एनएमआर, एचपीएलसी या ओळख आणि शुद्धतेच्या चाचण्या सगळ्या झालेले. ठरावीक मुदतीपर्यंत ते सांभाळायचे आणि मग घातक कचरा म्हणून तळोजाला जाळायला पाठवायचे. ग्राहकाच्या गुप्त रेणूंना कोणी हात लावू नये, हे बरोबरच आहे. पण त्यात साधे, कोणाच्याही कॅटलॉगमध्ये असलेले कितीतरी तुकडे असत. आणि विद्यापीठांत याच्या उलट. एका मार्गदर्शकाच्या कपाटात चार ग्रॅम पडून असते, शेजारच्या विभागात कोणी त्याच रसायनासाठी इंडेंट टाकलेले असते. दोघांना एकमेकांचे माहीत नसते. पडून राहिलेली बाटली तशीच राहत नाही. बेंझाल्डिहाइडच्या तोंडाशी बेंझोइक ॲसिडचे पांढरे खडे जमतात. अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि झाकणाभोवती कवच धरते, ॲनिलिन तर काळेच पडते. मग डेड स्टॉक रजिस्टरला एक ओळ वाढते. पैसे मात्र करदात्यांचेच गेलेले असतात.

माझी मागणी सोपी आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी आणि संशोधन करणाऱ्या महाविद्यालयांसाठी बिल्डिंग ब्लॉकची एक सामायिक पेढी असावी. याला नमुना शोधायला परदेशी जायला नको. पुण्याच्या एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, एनसीआयएम नावाचा. तिथे जीवाणू, बुरशी, यीस्ट यांचे खात्रीचे नमुने जपून ठेवलेले आहेत आणि ठरलेले शुल्क भरून कुठल्याही महाविद्यालयाला ते मागवता येतात. आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लोकांना म्हणूनच जीवाणूसाठी ताटकळावे लागत नाही. जिवंत जीवाणू जपून ठेवायची आणि गावोगाव पाठवायची घडी ज्या राज्यात बसली आहे, तिथे बाटलीबंद पिपरॅझिनची घडी बसवणे अवघड नसावे.

सुरुवात तर जवळजवळ फुकटात होईल. प्रत्येक विभागाने आपल्या कपाटात काय आहे याची यादी एका ठिकाणी टाकावी, पण नावाने नाही तर कॅस क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक रसायनाला जगभर एकच असलेल्या नोंदणी क्रमांकाने. हा मुद्दा मी स्टोअरवाली म्हणून आग्रहाने मांडते. एकाच पदार्थाच्या एका बाटलीवर फिनाइलबोरॉनिक ॲसिड लिहिलेले असते आणि दुसरीवर बेंझिनबोरॉनिक ॲसिड. नावाने शोधाल तर एक सापडेल, दुसरी सापडणार नाही. ९८-८०-६ या क्रमांकाने शोधाल तर दोन्ही सापडतील. यादी झाली की कोणाकडे काय पडून आहे ते दिसेल आणि अर्धी खरेदी तिथेच वाचेल. त्यानंतर खरी पेढी: हजारभर नेहमी लागणारे तुकडे, दर वर्षी एकगठ्ठा दरकराराने घेतलेले, आणि कारखान्यांनी स्वेच्छेने दिलेले.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला शुद्धतेचा. देणगीत आलेल्या बाटलीवर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी पेढीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लॉटचा ताजा एनएमआर काढून तो कागद बाटलीबरोबर द्यावा. आज विकत आणलेल्या बाटलीबरोबरही आम्हाला तो क्वचितच मिळतो. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि कायद्याचा. ॲसेटिक अनहायड्राइड पॅरासिटामॉल बनवायलाही लागते आणि हेरॉइन बनवायलाही. म्हणून अमली पदार्थांसाठी वापरता येणाऱ्या रसायनांवरच्या केंद्राच्या २०१३ च्या आदेशाखाली त्यावर नियंत्रण आहे. अँथ्रानिलिक ॲसिडचेही तेच. असे पदार्थ पेढीत ठेवूच नयेत. स्फोटक, अतिविषारी, हवेत पेट घेणारेही नकोत. ते वगळूनही अमाइन, ॲसिड, ब्रोमाइड आणि बोरॉनिक ॲसिडांची हजाराची यादी सहज भरते. राहता राहिली वाहतूक. आज कुरिअरवाला पाकिटावर केमिकल हा शब्द वाचला की हात मागे घेतो. पाच-दहा ग्रॅमच्या बाटल्या योग्य पॅकिंगमध्ये नेणारा एक अधिकृत वाहतूकदार पेढीने ठरवून घ्यावा. प्रत्येक विभागाला तो स्वतंत्रपणे मिळणे शक्य नाही.

खर्चाचा प्रश्न मला फार मोठा वाटत नाही. एखाद्या विद्यापीठाला दिलेल्या एका मोठ्या उपकरणाच्या पैशात ही पेढी कित्येक वर्षे चालेल. उपकरणे मिळतात, त्यांची उद्घाटने होतात, फोटो निघतात. पाच लाखांचा रोटरी बाष्पक (फ्लास्क फिरवत द्रावक उडवून लावणारे यंत्र) नवाकोरा पडून राहतो, कारण त्यात फिरवायला फ्लास्कमध्ये काही नसते. रसायनांच्या बाटल्यांचे उद्घाटन कोणी करत नाही.

राज्याचा उच्च व तंत्रशिक्षण विभाग, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि एनसीएल यांनी एकत्र बसावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकाने हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा आणि अंबरनाथ, तारापूर, कुरकुंभच्या उद्योजक संघटनांनाही विचारावे की वर्षाला किती उरलेले इंटरमीजिएट ते देऊ शकतील. या पत्राच्या निमित्ताने इतर विद्यापीठांतल्या माझ्यासारख्या स्टोअर सांभाळणाऱ्यांनी लिहिले तर चित्र आणखी स्पष्ट होईल. आमच्या विभागातली न उघडलेली आणि सुस्थितीतली बाटली न् बाटली मी विभागप्रमुखांच्या परवानगीने कॅस क्रमांकासह नोंदवून ठेवली आहे. पेढीची वाट न पाहता कोणत्याही विद्यापीठाच्या विभागप्रमुखांनी आपल्या कार्यालयामार्फत आमच्याकडे ही यादी मागावी. ती लगेच पाठवता येईल. तीन वेगवेगळ्या पिपरॅझिनच्या बाटल्या तर आजच देता येतील.

आपली नम्र,
रसायनशास्त्र विभागातील एक स्टोअरकीपर
(नाव व पत्ता संपादकांकडे)